वरून दिसणारा माणूस

१

शर्यतीच्या आठवड्यात मला एकच काम असतं. मान वर करून बसायचं.

एरवी वर्षभर मी शाळेची बस चालवते. सप्टेंबर आला की रजा टाकते आणि सोडा फ्लॅटच्या विमानतळावर पंच म्हणून जाते. तिथे वाळवंटात लंबगोल मार्गावर उंच लाकडी खांब रोवलेले आहेत, प्रत्येकाच्या टोकाला लाल-पांढरं पिंप. विमानांनी या खांबांच्या बाहेरून वळायचं असतं. ताशी साडेचारशे मैलांचा वेग आणि जमिनीपासून जेमतेम साठ-सत्तर फुटांची उंची. एखादं विमान खांबाच्या आतून गेलं की त्याला दंड. आतून गेलं की बाहेरून, हे फक्त खांबाच्या बुंध्याशी बसून वर बघणाऱ्यालाच कळतं.

सहाव्या खांबापाशी मी आणि गस बसतो. गस म्हणजे निवृत्त ट्रकवाला. एका कानाने कमी ऐकू येतं, पण नजर घारीची. आमचा खांब कोरड्या तळ्याच्या काठावर, प्रेक्षकांच्या खुर्च्यांपासून सगळ्यात लांब. आमच्याकडून पाहिलं तर त्या खुर्च्या म्हणजे क्षितिजावर थरथरणारी एक चंदेरी रेघ.

आम्हाला एक नियम कडक पाळावा लागतो. शर्यत चालू असताना उभं राहायचं नाही, खुर्ची खांबाला टेकवूनच ठेवायची. वळणावर खाली काय आहे ते वैमानिकाला आधीपासून पाठ असतं. तिथे नवीन काही दिसलं तर हात दचकतो, आणि तेवढ्या उंचीवर दचकून चालत नाही.

बुधवारी दुपारी पहिली फेरी संपली. विमानांचा आवाज कानातून अजून उतरला नव्हता. गस बर्फाच्या पेटीत हात घालून गार बाटली शोधत होता. तेवढ्यात रेडिओवर प्राउटी बोलला. वेन्डेल प्राउटी हा शर्यतीचा प्रमुख. सुरुवातीला सगळ्या विमानांना रांगेत धरून आणणारं जेट तोच उडवतो आणि मग शर्यत संपेपर्यंत वर घिरट्या घालत लक्ष ठेवतो.

"सहा नंबर, तुमच्याकडे तिसरा कोण आहे?"

तिसरा कोणी नाही, आम्ही दोघंच आहोत, असं मी सांगितलं.

"मग तो उभा होता तो कोण? दोन वैमानिकांनी तक्रार केलीय. तुमच्या मागे, तळ्याच्या बाजूला. त्याला म्हणावं, बस खाली."

मी मागे वळून पाहिलं. तळं पांढरं, सपाट, तव्यासारखं. ससा बसला तरी दिसेल अशी जागा. तिथे काही नव्हतं.

गसला मी ते ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "मीच असेन. बायको म्हणतेच, तू हल्ली दोन माणसांची जागा अडवतोस."

मी हसले. तरी पुढच्या फेरीत, विमानं डोक्यावर असताना, मला वर बघवेना. पाठीला काहीतरी लागल्यासारखं वाटत राहिलं.

२

तक्रार करणाऱ्यांपैकी एक एल्डन होता, एल्डन हॅवलिक. माझी धाकटी बहीण अमाया, तिचा नवरा. कॅलिफोर्नियात पिकांवर औषध फवारणारी विमानं उडवण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि उरलेला सगळा वेळ एका जुन्या लढाऊ विमानात. पंख कापून आखूड केलेलं, इंजिनाचा सगळा जोर पिळून काढलेलं असं ते निळं विमान. अमाया म्हणायची, माझी सवत निदान स्वयंपाकघरात तरी येत नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या हँगरवर गेले. अमायाने लाल घेवड्यात चोरिझोचं तिखट सॉसेज टाकून मोठं भांडं चढवलं होतं. आमची आई मेंढरांच्या छावणीवर करायची तसंच. एल्डन विमानाच्या पंखाखाली उलट्या बादलीवर बसून हात पुसत होता. मी त्याला विचारलं की नक्की काय पाहिलंस.

माणूस होता, तो म्हणाला. धुळीच्या रंगाचे कपडे. हात खाली सोडलेले आणि तोंड वर.

"तोंड वर, हे तुला कसं कळलं? एवढ्या वेगात मी तरी दिसते का तुला?"

"नाही दिसत. तू म्हणजे एक ठिपका. गस म्हणजे जरा मोठा ठिपका." तो हसला नाही. "तेच तर मला कळत नाहीये, मैते. त्याची दाढी वाढलेली होती. शर्टाचं वरून दुसरं बटण दोऱ्यावर लोंबत होतं. वळणात माझी हनुवटी छातीला टेकलेली असते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी मला बटण दिसलं."

मग त्यानेच त्याची कारणं दिली. वळणात रक्त डोक्यातून पायात उतरतं, मेंदू काहीबाही दाखवतो. ऊन होतं. वय झालंय. मी प्रत्येक कारणाला मान हलवत गेले, कारण प्रत्येक कारण खरंच पटण्यासारखं होतं. फक्त तक्रार दोघांनी केली होती, आणि दुसरा वैमानिक तिशीतला होता.

अमायाने हाक मारली तसे आम्ही उठलो. जेवताना तो विषय निघाला नाही.

३

गुरुवारी सकाळी, वारा सुटायच्या आधी, मी आणि गस तळ्यावर फिरून आलो. आमचे वडील याच मुलखात मेंढरं राखायचे. तळ्यावरच्या खाऱ्या पापुद्र्यावर सशाचं पाऊलसुद्धा पुढचा पाऊस पडेपर्यंत पुसलं जात नाही, हे त्यांनी मला लहानपणी दाखवलं होतं. खांबाच्या मागे लांबवर फिरलो. आमच्या बुटांखाली पापुद्रा कुरकुरत मोडत होता. आमच्याखेरीज दुसरं पाऊल तिथे उमटलेलं नव्हतं.

गस म्हणाला, बरं झालं, प्रश्न मिटला. परत येताना मात्र तो माझ्यामागून नाही, बरोबरीने चालत होता.

त्या दिवशी आमच्याबद्दल तक्रार आली नाही. सातव्या खांबाबद्दल आली. सातव्या खांबाचे पंच शपथेवर सांगत होते की त्यांच्या खांबाजवळ कुणी फिरकलंही नाही. प्राउटीने शेरीफच्या माणसांना गाड्या घेऊन पाठवलं. त्यांना एक फाटकं टायर सापडलं.

शुक्रवारी तक्रार आठव्या खांबाबद्दल होती.

मार्गावर आठव्यानंतर येतो तो खुर्च्यांसमोरचा मुख्य खांब. त्याच्यापुढे धावपट्टी, मग कुंपण, आणि कुंपणाला लागून खुर्च्या. तिथे रविवारी हजारो माणसं बसतात. लहान पोरं बापाच्या खांद्यावर असतात.

प्राउटीने संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलावलं. एकाने म्हटलं की दुसऱ्याला दिसतं, तिसऱ्याला दिसायला मग वेळ लागत नाही, असं तो म्हणाला. रात्री नीट झोपा, पाणी प्या, बिअर कमी. वैमानिक खाली बघत ऐकत होते. कुणी वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं. एरवी हे लोक दंडाच्या दोन सेकंदांसाठी माझ्या अंगावर येतात.

मी मात्र मनातल्या मनात खांब मोजले. सहा, सात, आठ. विमानं ज्या दिशेने जातात त्याच दिशेने तो चालला होता. त्याला कसली घाई नव्हती.

४

शनिवारी एकही तक्रार आली नाही.

सगळ्यांचे चेहरे उजळले. गसने गाणं म्हटलं. प्राउटीने रेडिओवर आमचे आभार मानले, हे वीस वर्षांत पहिल्यांदाच. मीसुद्धा हलक्या मनाने हँगरवर गेले. एल्डन इंजिनाचं झाकण लावत होता. मी म्हटलं, गेला एकदाचा तुमचा पाहुणा.

तो स्क्रू पिळत राहिला. अमाया बाहेर कुणाशी तरी बोलत होती. ती लांब आहे याची त्याने खात्री करून घेतली.

"गेला नाही," तो म्हणाला. "आज सगळ्यांनाच दिसला. आम्ही आपसात ठरवलंय, सांगायचं नाही. सांगितलं तर वेन्डेल उद्याची शर्यत रद्द करेल."

"कुठे होता?"

"मुख्य खांबाशी. आमच्याकडे पाठ करून. खुर्च्यांकडे बघत होता."

मी त्याला म्हटलं, उद्या तू उडू नकोस. भांडले म्हणा हवं तर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की मी नाही उडालो म्हणून तो थांबणार आहे का? बाकीचे उडणारच. आणि त्यातल्या अर्ध्यांना इंजिन बंद पडल्यावर काय करायचं ते अजून नीट येत नाही. मला येतं. मी तिथे असलेला बरा.

"हे कारण आहे की सबब?"

"दोन्ही," तो म्हणाला. "अमायाला बोलू नकोस. तिला वाटेल, मी घाबरलोय."

"घाबरला नाहीस?"

त्याने स्क्रू पूर्ण पिळला, बोटाने चाचपून पाहिला. "इतका कधीच घाबरलो नव्हतो," तो म्हणाला.

मी सरळ प्राउटीकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. जमिनीवरून कुणालाच न दिसणाऱ्या माणसासाठी मी हजारो लोकांना घरी कसं पाठवू, असं त्याने विचारलं. मी तिथून हलले नाही. तेव्हा तो म्हणाला, "सकाळी जेटमधून मार्ग तपासायला जाणार आहे. मागची जागा रिकामी आहे. ये, तूच बघ. दिसला तर बोलू."

५

रविवारचं पहिलं ऊन नुकतंच डोंगरावरून उतरत होतं. प्राउटी पुढे, मी मागे, पट्ट्यांनी आवळलेली. मी आयुष्यभर हा मार्ग खालून पाहिला होता. वरून तो इतका लहान दिसेल असं वाटलं नव्हतं. खांब म्हणजे काड्यापेटीतल्या काड्या.

सहावा खांब आला आणि गेला. आमच्या दोन रिकाम्या खुर्च्या मला दिसल्या असं वाटेपर्यंत त्या मागे पडल्या होत्या. सातवा, आठवा. मुख्य खांब. काही नाही. आणखी एक फेरी मारली. काही नाही. प्राउटीचा सुस्कारा मला कानातल्या यंत्रातून ऐकू आला. चल, नाश्ता करू, असं काहीसं तो म्हणाला.

उतरण्यासाठी त्याने डावा पंख खाली टाकला. पंखाच्या टोकाखालून खुर्च्या, कुंपण आणि धावपट्टी एकावर एक सरकत गेल्या. झाडूवाले, एक पाण्याचा टँकर, सगळे ठिपके. आणि त्या ठिपक्यांत एक ठिपका नसलेला माणूस.

त्याचं तोंड वर होतं. दाढीचे खुंट. डोळ्यांच्या कडांना बसलेली धूळ. लोंबणारं बटण वाऱ्याने हलत होतं. हे सगळं मी पाहिलं, आणि पापणी लवायच्या आत ते मागे गेलं. तो माझ्याकडे रागाने बघत नव्हता, ओळखीनेही नाही. स्टॉपवर उभं राहिलेलं माणूस लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचतं, तसा बघत होता.

चाकं टेकली. प्राउटीने इंजिन बंद केलं, तरी तो मागे वळेना.

"काही दिसलं?"

मी म्हटलं, खुर्च्यांत होता.

तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांत ऊन होतं." आणि शिडी यायच्या आधीच पट्टे सोडू लागला. बकल दोनदा त्याच्या हातून निसटलं, हे मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं.

मी धावत खुर्च्यांकडे गेले. एक बाई फडक्याने ओळीने खुर्च्या पुसत होती. इथे कुणी बसलं होतं का, मी विचारलं. ती म्हणाली, अजून फाटकंच उघडली नाहीत. प्राउटीने शर्यत रद्द केली नाही. पण पहिल्या ओळींतल्या लोकांना मागे बसवायला त्याने सांगितलं, आणि कारण विचारलं तेव्हा धुळीचं निमित्त केलं.

६

अंतिम शर्यतीला मी माझ्या जागी होते. माझ्या रेडिओवर वैमानिकांचं बोलणं ऐकू येतं. मला बोलताही येतं, पण पंचाने मधे बोलायचं नसतं, आणि मी कधीच बोलले नव्हते.

विमानं पाच वेळा डोक्यावरून गेली. निळं विमान दुसरं होतं, मग पहिलं झालं. गसने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. सहाव्या वेळी मी निळ्याची वाट बघत मान ताणून बसले आणि ते आलं नाही. लांब, मुख्य खांबाच्या बाजूला, एक पांढरी रेघ सरळ आभाळात चढत गेली.

काही बिघडलं तर वेगाच्या जोरावर वर चढायचं, उंची कमवायची, मग उतरायची जागा शोधायची. एल्डनने शिकवल्यासारखं केलं होतं. रेडिओवर त्याचा आवाज शांत होता. तेलाची नळी फुटलीय. इंजिन गेलं. पुढची काच, डोक्यावरचं काचेचं छत, सगळं तेलाने काळं. छत उघडत नाही. बाहेरचं काही दिसत नाही.

प्राउटीने जेट त्याच्या मागे आणलं. मी तुला बघतोय, तो म्हणाला, मी सांगतो तसं कर. नाक खाली. आता डावीकडे. आणखी थोडं डावीकडे. धावपट्टी डावीकडे आहे.

निळं विमान वळू लागलं. पाण्यात बुडणाऱ्या पानासारखं निवांत, आवाज न करता.

"वेन्डेल," एल्डन म्हणाला, "मला तो दिसतोय."

मी रेडिओ कानाशी नेला.

"काचेवर तेल आहे, तरी दिसतोय. बरोबर समोर. हात करतोय मला. ये म्हणतोय."

"त्याच्याकडे बघू नकोस. उंचीच्या काट्याकडे बघ."

"धावपट्टीवर उभा आहे का तो? तेवढं सांग. धावपट्टीवर असेल तर मी नाक त्याच्यावर धरतो. दुसरं काही मला दिसत नाहीये."

रेडिओ खरखरला. मग प्राउटी म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "मैते. सकाळी तो कुठे होता?"

मी बटण दाबलं.

"खुर्च्यांत," मी म्हटलं. "लोकांच्या खुर्च्यांत, एल्डन."

"बरं," एल्डन म्हणाला.

निळ्या विमानाचा उजवा पंख खाली गेला. प्राउटी ओरडला, डावीकडे, डावीकडे, धावपट्टी जवळ आहे, मी आणतो तुला. विमान उजवीकडेच वळत राहिलं, खुर्च्यांकडे पाठ करून, उघड्या रानाकडे. तिथे तळं सपाट आहे. तळ्यापर्यंत पोचला असता तर पोटावर घसरत थांबला असता. त्याच्या अलीकडे जुन्या कालव्याचा बांध आहे. त्याला तो दिसणार नव्हता.

आवाज आमच्यापर्यंत उशिरा आला. गसला तो ऐकू आला की नाही, मला माहीत नाही. पण तो नियम मोडून उठून उभा राहिला, आणि मीही.

७

प्रेक्षकांतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वर्तमानपत्रांनी एल्डनबद्दल जे लिहायचं ते लिहिलं आणि ते खोटं नव्हतं. दफनाला एवढी गर्दी झाली की गाड्या रस्त्याच्या कडेने मैलभर लागल्या. प्राउटी आला, मागे उभा राहिला आणि निघून गेला. तो आता उडत नाही असं ऐकते. बाकीच्या वैमानिकांपैकी एकानेही त्या माणसाचं नाव काढलं नाही. चौकशी करणाऱ्यांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तेल डोळ्यांत गेलं की माणसाला काहीही दिसतं.

अमाया त्या दिवशी हँगरमधल्या रेडिओपाशी होती. तिने सगळं ऐकलं होतं, माझा आवाजसुद्धा. तरी आठवडाभर तिने मला काही विचारलं नाही. लोकांनी आणलेली जेवणाची भांडी आम्ही दोघींनी मिळून धुतली, कुणाचं कुठलं ते ओळखून परत केली.

मग एक दिवस दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. तिने टेबलावर तीन गोष्टी एकीपुढे एक मांडल्या. चाकू, चमचा आणि हातपुसणं. ही धावपट्टी, ती म्हणाली, हे कुंपण, ह्या खुर्च्या. मग माझं डोकं दोन्ही हातांनी धरून तिने ते टेबलाच्या कडेपर्यंत खाली आणलं. मुरलेल्या वैमानिकाची बायको होती ती. विमान पंखावर कललं की खालचं जग कसं दिसतं, ते तिला शिकवावं लागत नव्हतं.

तिथून चाकू, चमचा आणि हातपुसणं एकमेकांवर चढून एकाच रेघेत दिसत होती.

"मी तुला दोष देत नाहीये," ती म्हणाली. "फक्त एकदा विचार करून सांग. तो खुर्च्यांत होता की धावपट्टीवर?"

मी डोळे मिटले. दाढी दिसली, डोळ्यांच्या कडांची धूळ दिसली, बटण दिसलं. त्याचे पाय कशावर होते ते मात्र काही केल्या दिसेना. त्याच्यामागे खुर्च्या होत्या, एवढं खरं. पण त्या त्याच्यामागे होत्या, की तो त्यांच्यात होता?

अमाया वाट बघत होती. तिचे हात अजून माझ्या कानांवर होते, गार, साबणाच्या वासाचे.

"खुर्च्यांत," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, हात काढून घेतले आणि चाकू-चमचा उचलून खणात ठेवला.